वाचक विचारतात : यादीत नाव आलं म्हणून बोट थांबते का?

(चोरटी मासेमारी आणि तिच्यावर सरकारं घालतात ते निर्बंध, या विषयावर आम्ही प्रश्न मागवले होते. उत्तरं देणाऱ्या लेखिका रत्नागिरीतल्या एका मासळी-निर्यात कंपनीत कागदपत्रांचा विभाग सांभाळून निवृत्त झाल्या आहेत. पत्रलेखकांची नावं त्यांच्याच विनंतीवरून दिलेली नाहीत. – संपादक)

हर्णैचे एक निवृत्त शिक्षक विचारतात : ताई, अमेरिकेने चीनच्या दीडशेवर मासेमारी बोटींवर निर्बंध घातले, असं मागे वाचलं होतं. माझा पुतण्या बोटीवर तांडेल (बोट चालवणारा म्होरक्या) आहे. त्याला सांगितलं तर तो हसला. म्हणाला, ‘काका, वॉशिंग्टनात बसून कुणी बोटीचं नाव कागदावर लिहिलं तर इंजिन बंद पडतं का?’ मला उत्तर देता आलं नाही.

पुतण्याला सांगा, इंजिन बंद पडत नाही हे खरंच आहे. ९ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेच्या अर्थखात्याने १५७ चिनी बोटींची नावं जाहीर केली, तेव्हा त्यांना अडवायला कुठलंही गस्ती जहाज निघालं नव्हतं. पण त्या यादीच्या डोक्यावर बोटी नव्हत्याच. तिथे दोन माणसं होती, ली झेन्यू आणि शिनरोंग झुओ. पहिल्याची दालियान ओशन फिशिंग, दुसऱ्याची पिंगटन मरीन. बोटी खाली आल्या त्या या मंडळींच्या मालमत्तेत मोडतात म्हणून. आपल्याकडचा कारभार बरोबर उलटा. आपण बोट धरतो, तांडेलाला धरतो, आणि मालक बंदरावर चहा पीत सुटकेचे कागद करतो.

आरोप काय होते ते जरा सविस्तर सांगते, कारण बातमीत ‘बेकायदा मासेमारी’ एवढंच येतं आणि त्यातून डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही. दालियानच्या लाँग शिंग ६२९ या बोटीवर इंडोनेशियाची पोरं खलाशी होती. दिवसाला अठरा-अठरा तास काम. काही जण आजारी पडून गेले. त्यांतल्या एकाचं प्रेत समुद्रात टाकतानाचा व्हिडिओ मे २०२० मध्ये दक्षिण कोरियाच्या एका वाहिनीने दाखवला, तेव्हा कुठे बोंबाबोंब झाली. वर्षभराने, मे २०२१ मध्ये, अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याने या कंपनीची मासळी आपल्या बंदरात उतरवायला मनाई केली. एकदोन बोटींची नव्हे, पूर्ण ताफ्याची. असं त्यांनी पहिल्यांदाच केलं होतं.

पिंगटनचं प्रकरण त्याहून जुनं. ऑगस्ट २०१७ मध्ये इक्वेडोरच्या गालापागोस बेटांभोवतीच्या राखीव समुद्रात फू युआन यू लेंग ९९९ नावाचं जहाज सापडलं. आत सुमारे ३०० टन मासळी आणि त्यात सहा हजारांहून जास्त मुशी (शार्क). आणि हे जहाज मासे धरणारं नव्हतंच! ते शीतगृह घेऊन फिरणारं वाहक जहाज. भर समुद्रात दुसऱ्या बोटी त्याला येऊन लागतात, माल त्यात रिकामा करतात, डिझेल आणि शिधा घेतात आणि परत जाळी टाकायला जातात. महिनोन्महिने बंदराचं तोंड बघत नाहीत. कुठल्या बोटीने कुठे काय धरलं, याचा माग तिथेच पुसला जातो. इक्वेडोरच्या कोर्टाने कप्तानाला आणि खलाशांना तुरुंगात पाठवलं, ५९ लाख डॉलरचा दंड केला, जहाज जप्त केलं. ते जहाज पुढे हुआलकोपो या नावाने इक्वेडोरच्या नौदलात लागलं. म्हणजे बोट धरून जे जे करता येतं ते सगळं इथे झालं होतं. आणि अमेरिकेने ज्या कंपनीशी हे जहाज जोडलं, ती पिंगटन पुढची पाच वर्षं अमेरिकेच्याच नॅस्डॅक बाजारात नोंदलेली राहिली. यादीत नाव आलं त्यानंतर तिच्या शेअरचे व्यवहार थांबले.

आता यादी नेमकं करते काय? माझ्या टेबलावरून ते असं दिसायचं. माल कंटेनरमध्ये चढला की आम्ही कागद बँकेत द्यायचो : इनव्हॉइस, बिल ऑफ लेडिंग, आरोग्य प्रमाणपत्र, कॅच सर्टिफिकेट. बँकेतली मुलगी त्यावरचं एकेक नाव संगणकात घालून बघायची. खरेदीदार, त्याची बँक, जहाज, जहाजाचा मालक, मधलं बंदर. एखादं नाव यादीतल्या नावाच्या नुसतं जवळपास गेलं तरी कागद अडकायचे आणि मी खुलाशाची पत्रं लिहीत बसायचे. नाव खरंच यादीतलं निघालं तर मग पत्रालाही अर्थ नाही. डॉलरमधला व्यवहार कुठे ना कुठे अमेरिकी बँकेतून जातो आणि ती बँक त्या नावाला हात लावत नाही. ती लावत नाही म्हणून विमावाला लावत नाही, तेलवाला कचरतो, दुसऱ्या देशातला खरेदीदार फोन उचलत नाही. मासळीला गिऱ्हाईक असतं, पैसे यायला वाट नसते.

पुतण्या हसला त्यातही तथ्य आहे म्हणा. कंपनीचं गिऱ्हाईक घरचं, व्यवहार युआनमध्ये आणि सरकार पाठीशी असेल तर डॉलरचा रस्ता बंद झाल्याने ती खुरडते, मरत नाही. बोटीचं नाव तर रंगाच्या एका डब्यात बदलतं. म्हणून अशा याद्यांमध्ये नावाबरोबर आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) क्रमांक बघतात. तो जहाजाच्या सांगाड्याला दिलेला असतो. मालक बदला, झेंडा बदला, तो बदलत नाही. हर्णैच्या बोटीला असा क्रमांक नसतो, राज्याच्या नोंदणीचा असतो, आणि त्यावर जाळं वाळत घातलं की तो लांबून दिसत नाही, हेही पुतण्याला ठाऊक असेल. त्याने तसं केलं असं मी म्हणत नाही.

मत्स्य महाविद्यालय, शिरगाव (रत्नागिरी) इथला एक विद्यार्थी : मावशी, युरोपियन युनियन देशांना पिवळं आणि लाल कार्ड दाखवतं. लाल म्हणजे त्या देशाची मासळी बंद. आमच्या वर्गात यावरून भांडण झालं. नियम मोडले काही बोटींनी, शिक्षा सगळ्या देशाला, आणि न्यायाधीश कोण, तर गिऱ्हाईक. ही दादागिरी नाही का?

आहे. पण दादागिरी आहे एवढं म्हणून तुझं भांडण संपत नाही, कारण या दादागिरीने काही ठिकाणी जे झालं ते गोडीगुलाबीने झालं नसतं.

आधी कागद समजून घे. १ जानेवारी २०१० पासून युरोपात जाणाऱ्या समुद्री मासळीबरोबर कॅच सर्टिफिकेट लागतं. बोटीचं नाव, नोंदणी, परवाना, कुठल्या भागात धरली, कधी, किती किलो, आणि यावर त्या देशाच्या सरकारी यंत्रणेचा शिक्का. आपल्याकडे हे काम एमपीडा, म्हणजे केंद्राचं सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरण, बघते. आमची म्हाकुळ आणि माकली (स्क्विडच्या जातीची मासळी) स्पेन-इटलीला जायची. व्यापारी जेट्टीवर पाच-सहा बोटींचा माल घेऊन एकाच टबात ओतणार, आणि मी संध्याकाळी फोन करून विचारणार, ‘यातले किती किलो कुठल्या बोटीचे?’ पहिली काही वर्षं लोकांना वाटायचं या बाईचं डोकं फिरलंय. पुढे बंदरावर आवक लिहून घेणारी मुलं बसू लागली तेव्हा माझा घसा वाचला. छोट्या बोटींसाठी सोपा नमुना असतो, पण तोही कुणीतरी भरायचा असतोच.

हा शिक्का विश्वासाचा आहे का, हे युरोप तपासतं. नाही वाटला तर पिवळं, म्हणजे सुधारा. नाहीच सुधारलं तर लाल.

श्रीलंकेला २०१२ मध्ये पिवळं आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये लाल दाखवलं. जानेवारी २०१५ पासून आयात बंद. हा साधासुधा व्यापार नव्हता. युरोपला ताजा कुपा (टूना) आणि तलवार मासा पाठवणाऱ्यांत श्रीलंका दुसऱ्या क्रमांकावर होती आणि २०१३ ची उलाढाल ७ कोटी ४० लाख युरोंची होती. तक्रार अशी की त्यांच्या अनेक दिवस बाहेर राहणाऱ्या बोटी हिंदी महासागरात लांबवर जातात, त्यांचा माग ठेवणारं उपग्रह यंत्र बोटीवर नाही, आणि पकडलं तरी कायद्यातला दंड किरकोळ. लाल कार्डानंतर दंड वाढले, कायदा बदलला, दीड हजाराच्या आसपास बोटींवर यंत्रं बसली, आणि जून २०१६ मध्ये बंदी उठली. पिवळ्या कार्डाच्या दोन वर्षांत जे पुरतं झालं नव्हतं ते लाल कार्डाच्या दीड वर्षात झालं. वर्गात हे सांग.

आणि हेही सांग, की त्या दीड वर्षाची किंमत कुणी मोजली. ताज्या कुप्याला युरोपचं विमान नाही म्हणजे तो भाव नाही. बोटीवरच्या माणसाला पगार नसतो, वाटा असतो. खर्च वजा जाऊन जे उरेल त्याचा वाटा. भाव उतरला की डिझेल आणि बर्फाचा खर्च तोच राहतो आणि वाटा आटतो. निर्यातदाराकडे दुसरं गिऱ्हाईक शोधायला वेळ असतो. खलाशाकडे नसतो. म्हणून लाल कार्डाबद्दल टाळ्या वाजवताना मी हात आखडता घेते.

थायलंडचं उदाहरण मला जास्त पटतं, कारण तिथे लाल द्यावंच लागलं नाही. एप्रिल २०१५ मध्ये पिवळं मिळालं. त्याच वर्षी असोसिएटेड प्रेसच्या बातमीदारांनी इंडोनेशियाच्या बेंजिना बेटावर पिंजऱ्यात ठेवलेले खलाशी दाखवून दिले. बरेचसे म्यानमारचे, थाई बोटींवर डांबलेले. पुढे दोन हजारांवर माणसं सुटली. थाई सरकार घाबरलं ते माणसांसाठी की कोळंबी-टूनाच्या डब्यांच्या धंद्यासाठी, हे तूच ठरव. मला माझं उत्तर माहीत आहे. पण २०१५ मध्येच नवा कायदा आला, मोठ्या बोटींवर माग ठेवणारी यंत्रं सक्तीची झाली, आणि बंदरांवर तपासणी केंद्रं उभी राहिली, जिथे बोट जाताना आणि येताना खलाशी मोजायचे. गेले तेवढे परत आले का? इतका साधा प्रश्न तोवर कुणी सरकारी माणूस विचारत नव्हता. जानेवारी २०१९ मध्ये कार्ड निघालं. त्यानंतर बोटमालकांनी कायदा सैल करायचा लकडा लावला आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या कनिष्ठ सभागृहाने तशी दुरुस्ती मंजूरही केली.

आता दादागिरी. चीनचा दूरच्या समुद्रातला ताफा जगात सगळ्यात मोठा. त्या देशाला युरोपने आजवर पिवळं कार्डसुद्धा दाखवलेलं नाही. कंबोडिया, गिनी, कोमोरोस, कॅमेरून यांना लाल मिळालं. यादी वाचली की न्यायाधीशाची नजर कुठे बारीक आणि कुठे अधू ते कळतं. दुसरं, युरोपचे स्पॅनिश आणि फ्रेंच ताफे आपल्याच हिंदी महासागरात मोठ्या पर्ससीन (माशांचा थवा वेढून खालून आवळायच्या) जाळ्यांनी टूना काढतात. २०२३ च्या फेब्रुवारीत मोम्बासात हिंदी महासागर टूना आयोगाने मासे गोळा करायला सोडतात त्या तरंगत्या तराफ्यांवर वर्षातून ७२ दिवस बंदीचा ठराव केला, तर युरोपियन युनियनने त्यावर हरकत नोंदवून स्वतःला सोडवून घेतलं. दुसऱ्याच्या वहीत लाल शाई वापरणाऱ्याने स्वतःची वही उघडी ठेवली पाहिजे, एवढं वर्गातल्या युरोपवाल्यांना माझ्यातर्फे ऐकव.

मालवणहून एक रापणकर (किनाऱ्यावरून जाळं ओढणारे मच्छिमार) लिहितात : इंडोनेशियाच्या मंत्रीणबाई चोरट्या बोटी स्फोटाने उडवायच्या. आमच्या इथे रात्री एलईडी लावून पर्ससीनवाले समुद्र धुऊन नेतात, कर्नाटकातल्या मलपीचे हायस्पीड ट्रॉलर किनाऱ्यापर्यंत येतात, जाळी तोडून जातात. असल्यो बोटी बुडवूकच होयत. दंडाने काय होता?

तुमचा राग वाचला आणि तो कळला. रापणीला मासा किनाऱ्यापर्यंत आला तर मिळणार, आणि वाटेतच उजेड लावून उचलला तर काय मिळणार?

त्या मंत्रीणबाई म्हणजे सुसी पुडजियास्तुती. २०१४ ते २०१९ इंडोनेशियाच्या मासेमारी खात्याच्या मंत्री होत्या. शाळा अर्धी सोडलेली बाई, मासळी विकत विकत निर्यातदार झाली, माल वेळेत पोचावा म्हणून विमानं घेतली, पुढे विमान कंपनीच काढली. आमच्या धंद्यातली म्हणून मला जरा जास्तच कौतुक. त्यांच्या काळात पाचशेच्या वर बोटी बुडवल्या, बहुतेक परदेशी. खलाशी आधी उतरवून घेत. स्फोटांचे फोटो जगभर गेले. पण पहिल्याच महिन्यांत त्यांनी आणखी दोन हुकूम काढले होते, ज्यांचे फोटो निघत नाहीत : परदेशी बांधणीच्या बोटींचे परवाने गोठवले, आणि भर समुद्रात एका बोटीतून दुसऱ्या बोटीत माल द्यायला बंदी केली. माझ्या मते खरा दणका तो होता. बुडालेली बोट एक असते. परवाना गोठला की ताफा बसतो.

आणि कडक शिक्षेने समुद्रातली घुसखोरी थांबते असं म्हणाल, तर पाल्कच्या सामुद्रधुनीकडे बघा. श्रीलंकेने २०१७ मध्ये तळ खरवडणाऱ्या ट्रॉलिंगवर कायद्याने बंदी घातली. तामिळनाडूचे ट्रॉलर तरी जातात. श्रीलंकेचं नौदल खलाशी धरतं, बोटी जप्त करतं, तिथलं कोर्ट जेलमध्ये टाकतं. पुढच्या हंगामात परत तेच. जाफन्याचा छोट्या होडीतला तामिळ मच्छिमार रामेश्वरमच्या ट्रॉलरबद्दल जे बोलतो, ते तुम्ही मलपीबद्दल बोलता त्याच्याशी शब्दाशब्दाला जुळतं. तिथे चोर आपण आहोत. हे आपल्या पेपरांत फार कमी वेळा छापून येतं. आपल्याला फक्त ‘श्रीलंकेकडून मच्छिमारांना अटक’ एवढंच वाचायची सवय आहे.

आपल्या घरचा कायदा वाईट नाही. १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा फारच जुना झाला होता, दंड माशाच्या किमतीवर आणि निवाडा तहसीलदाराकडे, ज्याच्या टेबलावर आधीच साऱ्या तालुक्याच्या जमिनीची भांडणं. २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. निवाडा मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्याकडे आला आणि एलईडीने मासेमारी करणाऱ्या बोटीला ५ ते २० लाखांपर्यंत दंड लिहिला गेला. एलईडीवर केंद्राची बंदी तर नोव्हेंबर २०१७ पासून आहे. वीस लाख म्हणजे बोटमालकाला झोप न येणारी रक्कम. पण झोप जायला आधी पकडलं जायला हवं, आणि बारा सागरी मैलांपर्यंतचा समुद्र थोड्याशा गस्ती नौकांनी रात्री राखायचा म्हणजे काय, ते तुम्हीच मला सांगाल.

म्हणून मला बोटी बुडवण्यापेक्षा जेट्टी धरणं शहाणपणाचं वाटतं. जनरेटर आणि दिव्यांचे खांब समुद्रात उगवत नाहीत. ते बंदरातच बोटीवर चढतात, दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत. माल लिलावाला बंदरातच येतो. डिझेल सोसायटीच्या पंपावरून मिळतं आणि त्यावर सरकारचा परतावा मिळतो. ज्या बोटीवर एकदा दोष सिद्ध झाला तिचा परतावा आणि परवाना दोन्ही हंगामभर बंद करावेत, आणि हे बोटीच्या नव्हे, मालकाच्या नावावर. म्हणजे त्याच्या दुसऱ्या तीन बोटीही बसल्या. असं झालं तर मालक स्वतःच तांडेलाला फोन करून दिवे विझवायला सांगेल. मलपीच्या ट्रॉलरचा परवाना मात्र कर्नाटकाच्या हातात आहे. आपण धरून दंड केला तरी त्याचा परवाना त्यांनीच तपासायला हवा, आणि त्यासाठी दोन राज्यांच्या खात्यांनी एकमेकांना दोषी बोटींची यादी पाठवायला काय हरकत आहे हे मला आजतागायत कळलेलं नाही.

मिरकरवाड्याच्या एक ताई, कोळंबी सोलायला जातात : आमच्या शेडमध्ये म्हणतात, अमेरिकेने कासवामुळे समुद्राची कोळंबी बंद केली. कासवाचा आणि आमच्या सोलण्याचा काय संबंध? आम्ही काय कासवं मारतो?

तुम्ही मारत नाही. ट्रॉलच्या जाळ्यात कोळंबीबरोबर कासव येतं. त्याला श्वास घ्यायला वर यावं लागतं, आणि जाळं तास-दोन तास ओढलं की ते आत गुदमरतं. अमेरिकेचा १९८९ पासून कायदा आहे : ज्या देशाच्या ट्रॉलरना कासव सुटण्याचं यंत्र नाही, त्या देशाची समुद्रातली कोळंबी घ्यायची नाही. ते यंत्र म्हणजे जाळ्यात तिरकी बसवलेली लोखंडी चौकट आणि वर एक दार. कोळंबी गजांतून मागे जाते, कासव गजांना अडून दारातून बाहेर पडतं. भारत, पाकिस्तान, मलेशिया आणि थायलंड याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत भांडले. १९९८ चा निकाल असा लागला की कासव वाचवायचा हेतू रास्त, पण सगळ्या देशांना सारखं वागवलं नाही हे चूक. अमेरिकेने वागणूक सुधारली आणि कायदा ठेवला. २०१८-१९ च्या सुमारास आपल्या ट्रॉलरवर यंत्रं नाहीत म्हणून भारताची समुद्री कोळंबी तिकडे जायची थांबली.

शेततळ्यातली कोळंबी यातून सुटली, कारण तळ्यात कासव नसतं. म्हणून आंध्रची वेनामी जातीची कोळंबी तिकडे जात राहिली. तुमच्या शेडमध्ये तीच येत असेल, तर कासवामुळे काम जाणार नाही. समुद्राची कोळंबी येत असेल, तर तिचं एक मोठं गिऱ्हाईक गेलंय, आणि भावावर त्याचा ताण पडणारच.

मला यात राग येतो तो वेगळ्या गोष्टीचा. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने आपल्या जाळ्यांना बसेल असं यंत्र केव्हाच तयार केलं आहे. तांडेल म्हणतात, दारातून कोळंबीही निसटते. थोडी निसटत असेल. पण जाळ्यात अडकलेलं कासव सोडायला जाळं कापलं तर महाराष्ट्र सरकार २०१८ पासून २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं, वेळासला पिल्लं समुद्रात जाताना बघायला पुण्या-मुंबईची माणसं मुक्कामाला येतात, आणि जी गोष्ट केल्याने तुमच्या हाताला काम मिळालं असतं ती चौकट तेवढी बोटीवर चढत नाही. बंदी घालणारे तुम्हाला ओळखत नाहीत, आणि यंत्र न बसवणाऱ्यांनी तुमचा विचार केलेला नाही. तुम्ही या दोघांच्या मधे सापडला आहात, ताई.

सातपाटीहून एका मच्छिमार सोसायटीचे हिशेबनीस : जागतिक व्यापार संघटनेचा मासेमारी अनुदानाचा करार लागू झाला, आता डिझेलचा परतावा बंद होणार, अशी आमच्याकडे चर्चा आहे. खरं आहे का?

करार जून २०२२ मध्ये जिनिव्हात ठरला आणि १५ सप्टेंबर २०२५ ला लागू झाला. लागू झाला तेव्हा भारत त्यात नव्हता, आणि जे देश त्यात नाहीत त्यांना तो बांधत नाही. त्यात आहे तेही एवढंच : बेकायदा मासेमारी करणाऱ्या बोटीला अनुदान नको, ज्या माशाचा साठा आधीच उपसला गेलाय त्याच्या मासेमारीला नको, आणि कुणाचंच नियंत्रण नसलेल्या खुल्या समुद्रातल्या मासेमारीला नको. डिझेलसारख्या सरसकट अनुदानांचा भाग अजून वाटाघाटीत आहे. तिथे भारताने विकसनशील देशांसाठी पंचवीस वर्षांची मुदत मागितली आहे. तेव्हा तुमचा यंदाचा परतावा थकला असेल, तर तो जिनिव्हामुळे नव्हे. फाइल कुठल्या टेबलावर पडून आहे ते आधी बघा.